स्लाइड फिल्म : प्रत्येक रोलचा रंग वेगळा का येतो?

प्रश्न : वर्षभरात तीन दुकानांतून प्रोव्हिया १००एफ या स्लाइड फिल्मचे आठ रोल घेतले. सगळे एकाच लॅबमध्ये धुतले, तरी दोन रोलमध्ये आकाश जांभळट आलं. रोल घरी लाकडी कपाटात होते. चूक कुठे झाली? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : निगेटिव्हचा रंग प्रिंट काढताना सुधारता येतो. स्लाइडमध्ये कॅमेऱ्यात गेलेली फिल्म हेच अंतिम चित्र, त्यामुळे प्रकाशाच्या मोजमापात अर्ध्या स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) चूकही डोळ्यांत भरते.

आधी खोके बघा. मुदतीच्या तारखेजवळ इमल्शन नंबर, म्हणजे फिल्म ज्या बॅचमध्ये बनली तिचा क्रमांक, छापलेला असतो. तुमच्या आठ रोलमध्ये बहुधा तीन वेगवेगळे नंबर निघतील, आणि प्रत्येक बॅचचा रंग किंचित निराळा असतो. म्हणून वर्षाचे रोल एकदम, एकाच नंबरचे घ्या. त्यातला एक चाचणीसाठी खर्च करा : दुपारच्या उन्हात ग्रे कार्ड (मोजमापासाठीचा ठरावीक राखाडी पुठ्ठा) आणि माणसाचा चेहरा टिपा, प्रकाशमापक मीटर आयएसओ (फिल्मची संवेदनशीलता) ८०, १०० आणि १२५ वर ठेवून. जे पटेल ते त्या बॅचपुरतं कायम धरा. हा एक रोल वाचवण्यात शहाणपण नाही.

पण जांभळट झाक बॅचच्या फरकाने एवढी सहसा येत नाही. आमचा संशय उष्णतेवर आणि कपाटावर आहे. फिल्ममधले तिन्ही रंगथर उष्णतेत सारख्या वेगाने उतरत नाहीत, म्हणून तोल ढळतो. डांबराच्या गोळ्या, ताजं पॉलिश आणि प्लायवुडमधल्या फॉर्मल्डिहाइडची वाफही फिल्मला घातक. कपाटात यातलं काही होतं का, ते आठवून बघा.

न उघडलेले रोल डबीसकट झिप पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, ८ अंशांच्या खाली. वर्षाहून जास्त ठेवायचे तर फ्रीझर. बाहेर काढल्यावर डबी लगेच उघडू नका. कोकणातली दमट हवा थंड फिल्मवर दवासारखी बसते आणि डाग पडतात. फ्रिजमधून काढल्यावर तीन तास, फ्रीझरमधून काढल्यावर सहा तास थांबा.

प्रश्न : वापरलेला रोल पावसाळ्यात किती दिवस ठेवता येईल?

उत्तर : ठेवूच नका, आठवड्याभरात धुवायला द्या. तोवर सिलिका जेलच्या पुडीसह डबीत घालून थंड जागी ठेवा. सिलिका जेल आधी तापवून कोरडं केलेलं हवं, नाहीतर आतली ओल आतच कोंडते.