उपवासकाळ, प्रायश्चित्तकाळ की नुसतं लेंट?

प्रश्न असा आलाय की धर्मग्रामातल्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या, अभ्यासगटासाठी लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवास-प्रार्थनेच्या काळाच्या) आठवड्यांची मराठी पुस्तिका करायची आहे, घरोघरी जमून वाचायची, तर मुखपृष्ठावर काय छापायचं. गटातले काहीजण उपवासकाळ म्हणतात, चर्चमध्ये फादर प्रायश्चित्तकाळ म्हणतात, तरुण मंडळी सरळ लेंट म्हणतात आणि एकाने हिंदी पुस्तिका बघून चाळीसा सुचवलाय. शिवाय फेथ फॉर्मेशनला, म्हणजे माणसाला श्रद्धेत घडवण्याला, मराठीत काय म्हणायचं हाही प्रश्न आहे.

आधी चाळीसाचं उरकतो कारण ते सोपं आहे. हिंदीतल्या कॅथलिक लोकांत चालीसा काल हा रुळलेला शब्द आहे आणि त्यामागे कारणही आहे, लॅटिनमध्ये या काळाचं नावच मुळी क्वाद्राजेसिमा, म्हणजे चाळिसावा, त्यावरून पोर्तुगीज क्वारेज्मा आणि त्यावरून गोव्याच्या कोंकणीतलं कोरेज्म. म्हणजे अर्थ अगदी बरोबर आहे पण मराठी माणसाने चाळीसा ऐकलं की त्याला हनुमान चालिसाच आठवणार, दुसरं काही नाही, त्यामुळे मुखपृष्ठावर तरी तो नको. आतल्या पानावर मात्र चाळीस दिवसांचा हिशोब जरूर द्या कारण दरवर्षी कुणीतरी कॅलेंडर घेऊन मोजतं आणि गोंधळतं. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे कपाळाला राख लावून हा काळ सुरू होतो त्या दिवसापासून, ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस भरतात 46, त्यातले सहा रविवार वगळले की 40, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस म्हणून उपवासात धरायचा नाही ही जुनी रीत. कॅथलिक उपासनेच्या आताच्या नियमात हा काळ पवित्र गुरुवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाच्या, संध्याकाळच्या मिस्सापाशीच (चर्चमधल्या मुख्य उपासनेपाशीच) संपतो, तेही एका ओळीत सांगून टाका.

आता उपवासकाळ. हा शब्द लोकांच्या तोंडात आहे, वर्तमानपत्रंही तोच छापतात आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये तोच जास्त ऐकू येतो. शब्द वाईट नाही पण मराठीत उपवास या शब्दाच्या मागे इतकं काही आहे की नुसता तो शब्द टाकला की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर आधी साबुदाण्याची खिचडी नि वरीचे तांदूळ येतात आणि एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हणही येते. कॅथलिक नियमात काय आहे बघा, पूर्ण उपवासाचे दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तेही 18 ते 59 वयाच्या लोकांना, आणि त्या दिवशी एकदा पोटभर आणि दोनदा थोडंसं असं खाता येतं. बाकी शुक्रवारी मांस वर्ज्य, ते 14 वर्षांपासून पुढे सगळ्यांना. म्हणजे चाळीस दिवस रोज कडक उपास असा जो समज उपवासकाळ या शब्दाने होतो तो खरा नाही. लोक आपल्या मनाने संपूर्ण काळ मटण-मच्छी सोडतात, कुणी दारू सोडतं, ती वेगळी गोष्ट आणि चांगली गोष्ट.

दुसरं म्हणजे राखेच्या बुधवारी जे शुभवर्तमान वाचतात, मत्तयचा सहावा अध्याय, त्यात येशू तीन गोष्टींबद्दल बोलतो, दानधर्म, प्रार्थना आणि उपवास, आणि तिन्ही लोकांना दिसतील अशा करू नका म्हणतो, उपवास करताना तोंड उतरवून बसू नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा. त्यातला उपवास हा तिसरा. सगळ्या काळाला त्या एकाचं नाव दिलं की उरलेले दोन मागे पडतात आणि मग गटात चर्चाही तू काय सोडलंस मी काय सोडलं इथेच फिरत राहते. पुस्तिका करणाऱ्यांनी याचा विचार करावाच असं मला मनापासून वाटतं कारण दानधर्माचा भाग नेहमी शेवटच्या पानावर ढकलला जातो.

आणि सोडणे या क्रियापदाला जपा. मराठीत उपास धरतात, करतात, पाळतात, मोडतात आणि सोडतात. उपास मोडला म्हणजे मधेच चुकला, उपास सोडला म्हणजे नीट पूर्ण करून जेवायला बसलो. पण मासे सोडले म्हणजे खायचे बंद केले. म्हणजे एकच सोडणे, उपासाच्या बाबतीत खायला सुरुवात आणि माशांच्या बाबतीत खाणं बंद. पुस्तिकेत 'या काळात आपण काय सोडणार आहोत' असा प्रश्न ठीक आहे, पण 'उपवास सोडू नका' असं कुणी लिहिलं तर अर्धे वाचक गोंधळतील, तिथे मोडू नका हवं. इंग्रजीवरून घाईघाईत उतरवलेल्या पुस्तिकांमध्ये अशी वाक्यं हमखास सापडतात.

आता खरा वजनदार शब्द, प्रायश्चित्तकाळ. मराठी मिस्साच्या वाचनांत आणि प्रवचनांत हाच आहे, प्रायश्चित्तकाळातील पहिला रविवार, दुसरा रविवार अशी नावंच आहेत. पहिली सूचना शुद्धलेखनाची, त्यात त ला त आहे, प्रायश्चित नव्हे प्रायश्चित्त, कारण शेवटी चित्त आहे. जुन्या धर्मशास्त्रात याची फोड अशी देतात, प्रायो नाम तपः प्रोक्तं चित्तं निश्चय उच्यते, म्हणजे प्राय म्हणजे तप आणि चित्त म्हणजे निश्चय, दोन्ही मिळून प्रायश्चित्त. तपाचा निश्चय. मला विचाराल तर लेंटसाठी याहून नेमका अर्थ शोधून सापडणार नाही.

पण शब्द नुसत्या फोडीवर जगत नाही, त्याला इतिहास चिकटतो. मराठीत प्रायश्चित्त घेतात, देतात आणि भोगतात. देणारे म्हणजे शास्त्रीपंडित किंवा जात, घेणारा म्हणजे ज्याच्या हातून नियम मोडला तो. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक वगैरे मंडळी जमली, तिथे चहा दिला गेला, आणि त्या चहावरून केवढं ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं भांडण, उठलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्त कुणी घ्यायचं कुणी नाही यावर पुण्यात पुढे बराच काळ रणं माजली. म्हणजे ख्रिस्ती मिशनमधला चहा घेतला म्हणून ज्याची गरज पडली ते प्रायश्चित्त, आणि तोच शब्द आज ख्रिस्ती उपासनेत वर्षातल्या सगळ्यात गंभीर काळाचं नाव झालाय. भाषेत असं होतं आणि त्यात काही वावगं नाही, पण वाचकाच्या मनात प्रायश्चित्त म्हणजे शिक्षा, दंड, शुद्धी असं काहीतरी उमटतं हे धरूनच लिहायला हवं.

आणि प्रोटेस्टंट वाचकाची अडचण तर वेगळीच आहे आणि ती खूप खोल आहे. मराठी पवित्र शास्त्रात प्रायश्चित्त हा शब्द येतो तो मुख्यतः दोन ठिकाणी, लेवीयमध्ये प्रायश्चित्ताचा दिवस म्हणून, आणि नव्या करारात ख्रिस्ताबद्दल, योहानाच्या पहिल्या पत्रात दुसऱ्या अध्यायात 'तोच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे' असं. म्हणजे नगर-सोलापूरकडच्या मंडळीत वाढलेल्या विश्वासणाऱ्यासाठी प्रायश्चित्त हे ख्रिस्ताने एकदाच केलेलं काम आहे, ते मी दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये कसं करणार? त्याच्यासाठी माणसाने करायची गोष्ट आहे पश्चात्ताप. मार्कच्या पहिल्या अध्यायात 'पश्चात्ताप करा व सुवार्तेवर विश्वास ठेवा', आणि राख लावताना म्हणायच्या दोन वाक्यांपैकी एक नेमकं हेच आहे. (दुसरं उत्पत्तीतलं, तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील, त्या अर्थाचं.)

हा घोळ मराठीपुरता नाही. ग्रीकमध्ये शब्द आहे मेतानोइया, मन पालटणं. जेरोमच्या लॅटिन बायबलात त्याचं झालं पेनितेन्तियम आगिते, ज्याचा अर्थ पश्चात्ताप करा असाही होतो आणि प्रायश्चित्त करा असाही. 1517 मध्ये ल्यूथरने, ज्याच्यापासून प्रोटेस्टंट चळवळ सुरू झाली त्याने, जे 95 मुद्दे मांडले त्यातला पहिलाच मुद्दा या दोन शब्दांवर आहे, की ख्रिस्ताने हे म्हटलं तेव्हा त्याला विश्वासणाऱ्यांचं संपूर्ण आयुष्यच पश्चात्तापाचं हवं होतं. म्हणजे लॅटिनमध्ये एका शब्दात दोन अर्थ अडकले आणि त्यावरून एवढं मोठं वादळ झालं. मराठीत नशिबाने दोन शब्द वेगळे आहेत, पश्चात्ताप म्हणजे आतला ताप, मागून होणारा, आणि प्रायश्चित्त म्हणजे त्यातून माणूस जे हातापायाने करतो ते. ही सोय आपल्याकडे आहे तर ती वापरावी. पुस्तिकेत जिथे मन वळण्याबद्दल बोलताय तिथे पश्चात्ताप लिहा, जिथे काही कृती करायची आहे, क्रुसाच्या वाटेची भक्ती, उपवास, कुणाचं बुडवलेलं परत देणं, तिथे प्रायश्चित्त लिहा, आणि दोन्ही आलटून पालटून एकाच अर्थाने वापरू नका.

एक गोष्ट मात्र प्रायश्चित्तकाळ या नावात अजिबात दिसत नाही आणि माझ्या मते अभ्यासगटासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1963 मध्ये उपासनेवरचा जो दस्तऐवज काढला, ज्याच्यामुळे पुढे मिस्सा लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागला, त्यात या काळाची दोन अंगं सांगितली आहेत, एक प्रायश्चित्त आणि दुसरं स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी किंवा झालेल्या बाप्तिस्म्याची आठवण. मुळात सुरुवातीच्या शतकांत हा काळ वाढला त्यात ईस्टरच्या रात्री स्नानसंस्कार घेणाऱ्यांच्या तयारीचा मोठा वाटा आहे. आजही तीन वर्षांच्या वाचनचक्रातलं अ वर्ष असलं की तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी योहानाची तीन मोठी वाचनं येतात, विहिरीवरची शोमरोनी बाई (यहुदी ज्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत त्या समाजातली), जन्मांध माणूस आणि मेलेला असताना येशूने उठवलेला लाजर. पाणी, प्रकाश, जीवन. यात दंड कुठेच नाहीये! शोमरोनी बाई भर दुपारी पाण्याला येते, येशू तिच्याकडे पाणी मागतो, ती म्हणते तुम्ही यहुदी, मी शोमरोनी, माझ्याकडे कसं काय मागता, आणि बोलता बोलता ती आपली घागर तिथेच टाकून गावात सांगायला पळते. आपल्याकडे पाणवठ्यावरून काय काय झालंय हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको, तो हा प्रसंग एका वाचनात पकडतो, कुठलीही तळटीप लागत नाही. या तीन रविवारांवर गटाने भरपूर वेळ घालवावा, आणि पुस्तिकेच्या नावाखाली दुसऱ्या ओळीत स्नानसंस्काराचा उल्लेख यावा असं मी सुचवेन.

तर मुखपृष्ठ. कॅथलिक धर्मग्रामाची पुस्तिका आहे ना, मग मोठ्या अक्षरात प्रायश्चित्तकाळ लिहा, कारण लोक रविवारी चर्चमध्ये जे ऐकतात तेच हातातल्या पुस्तिकेवर दिसलं पाहिजे, गटाने स्वतःचा वेगळा शब्द काढला की म्हातारी माणसं विचारतात हे काय नवीन. खाली लहान अक्षरात 'स्नानसंस्काराच्या कृपेकडे पुन्हा एकदा' असं किंवा तुमच्या फादरना पटेल असं काही. लेंट हा शब्द व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निरोपात, तरुणांच्या ग्रूपमध्ये बिनधास्त वापरा, तो मुळात इंग्रजीतला वसंत ऋतूचा जुना शब्द, दिवस मोठे होऊ लागतात त्यावरून आलेला, त्यात धर्माचं काहीच नाही आणि म्हणूनच तो कुणाला बोचत नाही. आणि गटात प्रोटेस्टंट शेजारी, सुना-जावई येत असतील, येतातच बहुतेक ठिकाणी, तर उपवासकाळ म्हणा, तो दोघांच्या ओळखीचा आहे, फक्त पहिल्या बैठकीत प्रार्थना आणि दानधर्माची जोड सांगून टाका.

राखेच्या बुधवारला राखेचा बुधवारच राहू द्या. भस्म बुधवार असंही काहीजण लिहितात, पण भस्म म्हटलं की शिवाच्या देवळातलं भस्म आठवतं, राख साधी आहे, चुलीतली आहे, आणि इथे तीच हवी, कारण ती गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळूनच केलेली असते. गोव्याकडचे नातेवाईक गोबराचो बुधवार म्हणतील, कोंकणीत गोबर म्हणजे राख, मराठी कानाला ते शेण वाटतं म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

राहिलं फेथ फॉर्मेशन. मुलांसाठी धर्मशिक्षण हा शब्द पक्का आहे, त्याला हात लावू नका. मोठ्यांसाठी श्रद्धानिर्मिती असं कुणीतरी शब्दाला शब्द ठेवून केलेलं दिसतं, ते टाळा, श्रद्धा काय कारखान्यात निर्माण होत नाही. श्रद्धेची जडणघडण म्हणा, मराठीत माणसाची जडणघडण होते हे सगळ्यांना कळतं. कॅथलिक लोक श्रद्धा म्हणतात आणि प्रोटेस्टंट विश्वास म्हणतात हे लक्षात असू द्या, श्रद्धावंत आणि विश्वासणारे हे दोन शब्द ऐकले की माणूस कुठल्या चर्चचा ते लगेच समजतं, त्यामुळे मिश्र गटात विश्वासाची जडणघडण म्हटलं तरी चालेल. फॉर्मेशन तसंच ठेवायचं असेल तर ठेवा पण मग फेथ फॉर्मेशन प्रोग्रॅम अशी अख्खी इंग्रजी ओळ देवनागरीत नको, वाचायला त्रास होतो आणि घरातल्या आजीला त्यातून काहीच मिळत नाही.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या काळाच्या, पुस्तिकेच्या वेळी हा सगळा गुंता येणार नाही, तिथे शब्द एकच आहे आणि तो सगळ्यांना चालतो. तिथे विचारायचंच झालं तर नाताळ म्हणायचं की ख्रिस्तजयंती एवढंच, आणि नाताळ हा पोर्तुगीजातून आलेला शब्द आता इतका आपला आहे की तो बदलायची काहीच गरज नाही.