डेलिलीची रोपं: ठेवायची कुठली?

पहिल्याच फुलावर भाळू नकोस. बियांपासून केलेली डेलिली (लिलीसारख्या फुलांचं बागेतलं बारमाही रोप) आईसारखी निघेलच असं नाही, आणि पहिल्या बहरात रोप आपले गुण पुरते दाखवत नाही. निदान दुसरा बहर बघ, मग ठरव. रंग शेवटी. आधी दांडा पानांच्या वर नीट आलाय का, फाटे किती, कळ्या किती, ते मोज. एकेक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, त्यामुळे चार कळ्यांचं देखणं रोप लगेच आटोपतं. सकाळी पाकळ्या पूर्ण उलगडल्यात का तेही बघ. थंड रात्रीनंतर दाट झालरीच्या फुलांच्या कडा चिकटून राहतात. अशी रोपं मी सरळ उपटते. आणि हो, डिप्लॉइडचा (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या रोपाचा) टेट्राप्लॉइडशी (चार संच असलेल्याशी) संकर करत बसू नकोस, बहुधा शेंगच धरत नाही. लेबलं पेन्सिलीनं लिही, शाई उडते.