'लिसनर'ला श्रोता म्हणावे का?

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगवरील मराठी टिपणांत 'इव्हेंट लिसनर'साठी 'घटनाश्रोता' आणि 'नोटिफिकेशन'साठी 'अधिसूचना' हे शब्द वापरावेत का, असा प्रश्न वडोदऱ्यातील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने विचारला आहे. माझ्या मते दोन्ही टाळावेत. प्रोग्रॅममध्ये काही घडले की त्याची खबर (नोटिफिकेशन) आधी नोंदवून ठेवलेल्या भागांना (लिसनर) पोहोचवणे, अशी ही रचना आहे. तीत कोण कोणाला हाक मारतो हे कळणे सर्वांत महत्त्वाचे असते, आणि नेमके तेच या शब्दांत झाकले जाते.

वडोदऱ्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या पाण्यावर लक्ष ठेवणारा एक प्रोग्रॅम लिहायचा आहे असे समजू. काळा घोडा पुलापाशी धोक्याची पातळी २६ फूट मानतात. ती ओलांडली की भोंगा वाजावा, फलक बदलावा आणि मोबाइलवर संदेश जावेत. ही तिन्ही कामे 'पातळी' या क्लासमध्येच, म्हणजे प्रोग्रॅममधील त्या घटकाच्या आराखड्यातच लिहिली, तर चौथे काम वाढवताना तोच क्लास पुन्हा उघडावा लागतो. म्हणून 'पातळी' केवळ एक यादी बाळगते. ज्या ऑब्जेक्टना, म्हणजे अशा आराखड्यांवरून घडलेल्या घटकांना, बदल कळायला हवा ती या यादीत नोंदवली जातात. अट इतकीच, की ठरलेल्या नावाची मेथड, म्हणजे बाहेरून चालवता येणारी कृती, त्यांच्याकडे असावी, आणि ही अट इंटरफेसमध्ये, म्हणजे अशा अटींच्या करारात, लिहिलेली असते. पाणी वाढले की 'पातळी' यादीतील प्रत्येकाची ती मेथड चालवते. समोर भोंगा आहे की फलक, हे तिला ठाऊक नसते, आणि तसे ते नसावे हाच या बांधणीचा हेतू आहे.

आता 'श्रोता' पाहू. मराठीत श्रोता कान देऊन बसलेला असतो. ऐकणे ही त्याची स्वतःची क्रिया आहे. आपले लिसनर, म्हणजे यादीत नोंदवलेले ऑब्जेक्ट, मात्र बोलावणे येईपर्यंत काहीच करत नाही. लिसनरच्याच 'ऑब्झर्व्हर' या दुसऱ्या इंग्रजी नावासाठी सुचवला जाणारा 'निरीक्षक' तर याहून अडचणीचा, कारण निरीक्षक स्वतः जाऊन तपासणी करतो. दर काही सेकंदांनी 'पातळी किती?' असे विचारत राहण्याची वेगळी पद्धत प्रोग्रॅमिंगमध्ये आहेच, तिला पोलिंग म्हणतात आणि 'टेहळणी' हा शब्द तिला चपखल बसतो. लिसनरलाही निरीक्षक म्हटले, तर या दोन पद्धतींतला भेदच पुसला जातो.

इंग्रजीतही या कल्पनेला एकच नाव नाही. स्मॉलटॉक या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत अशा ऑब्जेक्टना 'डिपेंडंट' म्हणत, म्हणजे अवलंबून असलेली. गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस यांच्या 'डिझाइन पॅटर्न्स' या १९९४ च्या ग्रंथातील प्रोग्रॅमच्या २३ रचनांमध्ये हिचे नाव 'ऑब्झर्व्हर' आहे. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या १.१ या आवृत्तीने १९९७ मध्ये पडद्यावरील बटणे आणि खिडक्यांसाठी 'लिसनर' स्वीकारले. तीन नावे, तीन दृष्टिकोन. त्यांपैकी एकाचाच मराठी तर्जुमा करण्याचे बंधन आपल्यावर नाही.

खरी निवड 'नोटिफिकेशन'ची आहे. 'अधिसूचना' सरकारी राजपत्रात प्रसिद्ध होते आणि तिला कायद्याचे बळ असते. 'सूचना' सोपा शब्द आहे, पण त्यात 'असे करा' असा अर्थही येतो, आणि संगणकाला दिलेल्या आदेशांनाही आपण सूचनाच म्हणतो. इथे तर 'पातळी' कोणालाही काय करावे हे सांगत नाही. काय घडले एवढेच कळवते, पुढचे ज्याचे त्याने ठरवायचे. या अर्थाचा मराठी शब्द आहे 'वर्दी'. पोलिसांना वर्दी दिली, अग्निशमन दलाला वर्दी मिळाली, अशा वाक्यांत घडल्याची खबर पोहोचवणे एवढाच भाव असतो.

वडोदऱ्यात एक अडचण येते. गुजरातीत 'वर्धी' म्हणजे मागणी किंवा ठरवलेले काम. मुलांना शाळेत नेणाऱ्या रिक्षा-व्हॅनच्या फेऱ्यांनाही इथे वर्धी म्हणतात. हिंदीतली वर्दी म्हणजे गणवेश. सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला, त्यात कारभारातील इंग्रजी शब्दांसमोर गुजराती, मराठी, हिंदी अशा अनेक भाषांतील प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले होते. अनेकभाषी गावात शब्द निवडताना शेजारच्या भाषेत तो कसा ऐकू येतो हे असे पाहावेच लागते. तरीही मी 'वर्दी'च ठेवीन, आणि पहिल्या उल्लेखात 'वर्दी, म्हणजे बदलाची खबर' असे लिहीन. 'खबर' गुजराती कानालाही परका नाही.

'इव्हेंट'साठी 'घटना' पुरेसा आहे. राज्यघटनेशी गोंधळ होण्याजोगे संदर्भ इथे येत नाहीत. 'लिसनर' देवनागरीत तसाच ठेवावा आणि स्पष्टीकरणाचा भार क्रियापदांवर टाकावा: लिसनर नोंदवणे, वर्दी देणे, नाव कमी करणे. शेवटचा प्रयोग शिधापत्रिकेमुळे घरोघरी माहीत आहे, आणि 'नाव काढणे' इथे चालणार नाही, कारण मराठीत नाव काढतो तो कीर्ती मिळवतो.

हे नाव कमी करणे टिपणांत बहुधा एका ओळीत उरकले जाते. तिथे अधिक जागा द्यावी. फलक बंद झाला तरी त्याची नोंद यादीत राहिली, तर 'पातळी' त्याला धरून ठेवते, गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको झालेल्या ऑब्जेक्टची जागा आपोआप रिकामी करणारी यंत्रणा, त्याची स्मृती मोकळी करू शकत नाही, आणि बंद फलकालाही वर्दी जात राहते. जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषेत तर लिसनर म्हणून दिलेले निनावी फंक्शन (नाव न दिलेला कृतीचा तुकडा) नंतर तसेच पुन्हा लिहून काढून टाकता येत नाही, कारण ते अक्षरशः तेच असले तरी वेगळे फंक्शन ठरते; म्हणून नोंदवतानाच त्याला नाव देऊन ठेवावे.