डिबगमध्ये चालतं, रिलीजमध्ये बोंबलतं

प्रश्न: माझा सी प्लस प्लसचा छोटा प्रोजेक्ट आहे, लिनक्सवर बिल्डसाठी सीमेक आणि कंपायलर म्हणून जीसीसी वापरतो. डिबग बिल्ड बरोबर चालतो पण फार स्लो, म्हणून बिल्ड टाइप रिलीज केला तर स्पीड आला पण आता डेटा फाइल वाचतच नाही, रेकॉर्ड शून्य दाखवतो, एररही नाही. मित्र म्हणतो ऑप्टिमायझेशनमुळे असं होतं, ओ-थ्री (जास्त ऑप्टिमायझेशनचा पर्याय) काढून ओ-वन (कमीचा) टाक. फाइल उघडायचं फंक्शन मी असर्टच्या (अट खोटी निघाली की प्रोग्राम थांबवणारी तपासणी) कंसातच कॉल केलंय, ते चालतं ना?

उत्तर: नाही चालत, तिथेच घोळ आहे, उगाच कंपायलरच्या नावावर बिल फाडू नका. सीमेकमध्ये जीसीसीसाठी रिलीज म्हणजे नुसतं ओ-थ्री नाही, सोबत एनडिबग नावाचा मॅक्रोही डिफाइन होतो, आणि तो असला की असर्ट कंसातल्या सगळ्या मजकुरासकट गायब होतो, म्हणजे तुमची फाइल कोणी उघडलीच नाही, एरर कुठून येणार! मित्राचं ऐकून ओ-वन केलंत तरी एनडिबग तिथेच राहणार. खात्री करायची तर उलटं करा, बिल्ड टाइप डिबगच ठेवा आणि त्यात ओ-थ्री टाकून बघा, बहुतेक नीट चालेल.

आता फंक्शन आधी वेगळ्या ओळीत कॉल करा, रिझल्ट व्हेरिएबलमध्ये घ्या आणि इफने तपासा. तसंही फाइल न सापडणं ही युजरकडे रोज होणारी गोष्ट, त्यासाठी असर्ट नसतोच.

स्पीडही हवा आणि डिबगरही लावायचा असेल तर रेलविथडेबइन्फो हा बिल्ड टाइप घ्या, त्यात ओ-टू आणि डिबग माहिती दोन्ही येतं, काही व्हेरिएबल मात्र ऑप्टिमाइझ्ड आउट दिसतील, आणि एनडिबग तिथेही असतो बरं का, मिनसाइझरेल या छोट्या साइझच्या बिल्ड टाइपमध्येही. बिल्ड टाइप दिलाच नाही तर मेकफाइल किंवा साध्या निन्जामध्ये (सीमेक ज्यांच्याकडून बिल्ड करून घेतो ती साधनं) तो रिकामा राहतो, म्हणजे ऑप्टिमायझेशनही नाही नि डिबग माहितीही नाही, आणि मग लोक म्हणतात सीमेक स्लो आहे. व्हिज्युअल स्टुडिओत तो कॉन्फिगर करताना देऊन उपयोग नाही, बिल्डच्या वेळी कॉन्फिग म्हणून द्यायचा.

आणि सीमेकलिस्ट्स फाइलमध्ये सेट कमांडने रिलीज ठोकून ठेवू नका, मग कमांड लाइनवर डिबग दिलं तरी ऐकत नाही आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो. त्यापेक्षा डिबग आणि रिलीजचे दोन वेगळे फोल्डर करा. बाकीचे असर्टही सर्च मारून बघा, कंसात प्लस प्लस, एकटं बरोबरचं चिन्ह किंवा काहीतरी बदलणारं फंक्शन दिसलं की तेही बाहेर काढा.