'हंगामी' या शब्दापाशी थांब

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं प्रकरण दोनदा वाचलं. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या टपालखात्यातल्या बायकांचं काय झालं, हा विषय तू जीव लावून धरला आहेस, म्हणूनच एवढं सविस्तर लिहितेय. 'पुरुष परतले आणि बायकांना घरी पाठवलं' असं तू पहिल्याच पानावर एका ओळीत उरकलंस, तिथे मी अडले. ओळ खोटी नाही, पण घाईची आहे.

निरोपाची भाषणं नंतर वाच, आधी नेमणुकीची अट वाच. १९१४ साली या खात्यात जवळपास अडीच लाख माणसं होती. त्यातले सुमारे ७५,००० लढाईवर गेले. खात्याच्या नावाची 'पोस्ट ऑफिस रायफल्स' ही पलटणच होती. जाणाऱ्या कायम नोकराला शब्द दिलेला होता की परत आलास की तुझी जागा तुझी. त्या जागा चालवायला सुमारे ३५,००० बायका घेतल्या, त्या हंगामी म्हणून. म्हणजे १९१९ साली जे घडलं ते त्यांच्या पहिल्याच कागदावर लिहिलेलं होतं. मी स्वतः चार वर्षं हंगामी शिक्षिका होते. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी कार्यमुक्त आणि जूनमध्ये नवी ऑर्डर. मुलं तीच, फळा तोच, पण दरवर्षी मी नवीन. त्यामुळे हा शब्द मला नुसता वाचून पुढे जाता येत नाही, आणि तूही जाऊ नयेस.

आता पुढचा प्रश्न स्वतःला विचार. त्या ७५,००० पैकी सुमारे ८,५०० परतलेच नाहीत. मग त्यांच्या जागा? नुसता दिलेला शब्द पाळायचा असता, तर निदान तिथे तरी बायका राहायला हव्या होत्या. पण पोस्टमनच्या जागांवर माजी सैनिकांना प्राधान्य देण्याची रीत युद्धाच्या आधीपासूनचीच होती आणि युद्धानंतर तिला मोठं बळ मिळालं. बटवड्याला फिरणारी बाई जागेच्या मूळ धन्याच्या मागे तर होतीच, शिवाय त्या जागेशी काही संबंध नसलेल्या प्रत्येक माजी सैनिकाच्याही मागे होती. तुझ्या प्रकरणाचा कणा हा आहे असं मला वाटतं. इथे चार पानं जास्त लिही.

आणि लंडनच्या रीजंट्स पार्कला विसरू नकोस. सैन्याची पत्रं वर्गवार लावण्यासाठी तिथे लाकडाची अवाढव्य इमारत उभी केली होती. अडीच हजार माणसं काम करायची, बहुतेक बायकाच. ऐन भरात आठवड्याला १ कोटी २० लाख पत्रं. तिथल्या बाईची जागा कुणी परत मागितली नाही. सैनिक घरी आला आणि त्याला पाठवायचं पत्रच उरलं नाही. बटवड्याला फिरणारी बाई आणि ही पत्रं लावणारी बाई, तू या दोघींना एकाच वाक्यात बसवलं आहेस, त्यांना वेगळं कर.

खर्चाची बाजूही बघ. १९१८ च्या जूनमध्ये पेनीचं टपाल संपून दर दीड पेनी झाला. १९२१ मध्ये रविवारचा बटवडा बंद झाला. काम आखडत होतं, हेही त्याच गोष्टीत येतं.

लग्नाची अट मात्र युद्धाच्या खात्यावर मांडू नकोस. लग्न झालं की नोकरी सोडायची, हा नियम टपालखात्यात १८७६ पासून होता. युद्धात तो सैल पडला, पुन्हा आवळला गेला आणि १९४६ मध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतर, उठला. समान पगार तर त्याहून उशिरा. १९५५ मध्ये मान्य झाला आणि १९६१ पर्यंत हप्त्याहप्त्यानं मिळाला. तारायंत्रावरच्या आणि टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मुली युद्धाआधीही होत्या, नंतरही राहिल्या. 'बायका गेल्या' असं लिहिताना कोणत्या खुर्चीवरच्या गेल्या ते सांग.

शेवटचं, कागदांबद्दल. लंडनच्या टपाल संग्रहालयातल्या नेमणूक-वह्यांवर तू सगळी मोजणी उभी केली आहेस. त्या वह्या प्रामुख्यानं कायम नेमणुकांच्या. हंगामी बाईचं नाव तिथे सापडलं नाही म्हणून ती नव्हतीच, असं धरू नकोस. संघटनांची मुखपत्रं चाळ. १९२० साली टपाल कामगारांच्या संघटना एकत्र आल्या. त्याआधीची दोन वर्षं पुरुष सभासद बायकांच्या कमी पगाराबद्दल काय बोलत होते, ते मुळातून वाच. कमी पगारात काम करणारी बाई आपला दर पाडेल ही त्यांची भीती खोटी नव्हती. तीही लिही, मनाविरुद्ध गेली तरी.

तिसरं पान नव्यानं लिहून पाठव. टाइप करायची घाई नको, वहीच्या पानाचा फोटो चालेल.

तुझ्या,
बाई