पोकरमध्ये सुरुवातीच्या जागेवरून रेज किती करावा?

नऊ जणांच्या टेबलावर बिग ब्लाइंडच्या (पाने पाहण्याआधीच ठरलेली मोठी रक्कम सक्तीने लावणाऱ्याच्या; ती रक्कम मोजमापाचे एककही असते) लगेच पुढच्या जागेवरून, म्हणजे ज्याला सर्वांआधी निर्णय घ्यावा लागतो त्या जागेवरून, आपण एक्का-राजा घेऊन बिग ब्लाइंडच्या तिप्पट रेज केला (बोली वाढवली), तरी चौघांनी कॉल केला (तेवढ्याच चिप्स घातल्या) आणि फ्लॉपनंतर (सर्वांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पानांनंतर) काय करावे हे सुचेना, असे आपण लिहिले आहे. कोथरूडला एका मित्राच्या घरी दर रविवारी संध्याकाळी आम्ही आठ-नऊ जण नो-लिमिट होल्डेम (प्रत्येकाला दोन पाने, टेबलावर पाच सामायिक पाने आणि रेजला वरची मर्यादा नाही, असा पोकर) खेळतो. पैसे लावत नाही, पण प्रत्येकाच्या चिप्सचा हिशेब वहीत वर्षभर ठेवतो. आपण सांगितलेला प्रसंग आमच्याकडे जवळजवळ दर रविवारी घडतो, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रत्येकाकडे 100 बिग ब्लाइंडच्या आसपास चिप्स असतील आणि टेबल सावध खेळणारे असेल, तर अडीच ते तीन पट पुरे. आपल्यासारख्या, जिथे फ्लॉप पाहण्याची सर्वांनाच हौस आहे अशा टेबलावर चार ते पाच पट करावे. मात्र जो आकडा ठरवाल, तो त्या जागेवरून खेळायच्या सर्व पानांना एकच ठेवावा. माझ्या मते ही अट आकड्याहूनही महत्त्वाची आहे.

त्या जागेची खरी अडचण अशी की, आपल्यामागे अजून आठ जण बोलायचे असतात. प्रत्येकाला सर्वोत्तम पाच टक्क्यांतली पाने येण्याची शक्यता स्वतंत्र धरली, तर आठांपैकी निदान एकाकडे तशी पाने असण्याची शक्यता सुमारे 34 टक्के निघते. हाच हिशेब बटनवरून, म्हणजे दोन्ही ब्लाइंडच्या लगेच आधीच्या जागेवरून, केला, तर मागे दोघेच उरल्याने ती दहा टक्क्यांच्याही आत येते. म्हणून दोन पानांच्या एकूण 1,326 जुळण्यांपैकी या जागेवरून साधारण शंभर ते सव्वाशेच खेळाव्यात: सत्त्यांपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी आणि एकाच रंगाची काही मोठी पाने. शिवाय रेज जितका मोठा, तितके थ्री-बेट (आपल्या रेजवर दुसऱ्याने केलेला रेज) आल्यावर पाने टाकताना नुकसान जास्त. सावध टेबलावर मी अडीच पटीवर थांबतो, ते यामुळेच.

मग हौशी टेबलावर आकार का वाढवायचा? कॉल करणाऱ्याला आपण काय भाव देतो ते पाहा. स्मॉल ब्लाइंडने (बिग ब्लाइंडच्या निम्मी रक्कम सक्तीने लावणाऱ्याने) पाने टाकली आणि आपला रेज तिप्पट असला, तर बिग ब्लाइंडच्या जागेवरच्या खेळाडूला साडेचार बिग ब्लाइंडच्या पॉटसाठी (मधे जमलेल्या चिप्ससाठी) दोनच घालावे लागतात, म्हणजे सरासरीने अंतिम पॉटचा 31 टक्के वाटा मिळाला तरी त्याचे भागते. पाचपट केल्यास साडेसहासाठी चार घालावे लागतात आणि ती गरज 38 टक्क्यांवर जाते. आपल्या त्या डावात पाच जण फ्लॉपला गेले, तेव्हा पॉट निदान पंधरा बिग ब्लाइंडचा होता, आणि एक्का-राजाला फ्लॉपवर एक्का किंवा राजा तीनांतून साधारण एकदाच लागतो. चौघांपुढे, तेही ब्लाइंड सोडून बाकी सर्वांआधी बोलण्याची पाळी असताना, उरलेल्या दोन वेळा हातात फक्त दोन मोठी पाने राहतात. पाचपट रेजला एकाच बिग ब्लाइंडने कॉल केला, तर पॉट साडेदहा आणि हातात 95 बिग ब्लाइंड उरतात, म्हणजे पॉटच्या नऊपट. तिप्पट रेजला हेच प्रमाण पंधरापट होते. फ्लॉपनंतर निर्णय घ्यायला ते पहिले प्रमाण कितीतरी सोपे जाते.

ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला, त्यानंतर आमच्याकडे काही नवी मंडळी येऊ लागली. त्यांना सव्वादोन-अडीच पटीची सवय होती, आणि आमच्याकडे त्या रेजला पाच-सहा जण सहज येत. ती सवय चुकीची नव्हती. समोरचे खेळाडू वेगळे होते.

एकाच आकाराचा आग्रह मी अनुभवातून धरतो. पूर्वी मी गुलामांच्या जोडीला फ्लॉपची भीती वाटून सहापट रेज करी आणि एक्क्यांच्या जोडीला गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून अडीच पट. आमच्यातले एक ज्येष्ठ काका एकदा पाने टाकताना म्हणाले, “अहो, तुम्ही थोडे टाकलेत की आम्ही उठावं, आणि भरपूर टाकलेत की बसावं, हे आम्हाला कधीच कळलंय.” वही उघडून पाहिली, तर माझ्या एक्क्यांच्या जोड्यांवर कित्येक महिन्यांत एकही मोठा पॉट नव्हता. तेव्हापासून मी पाने पाहण्याआधीच त्या दिवसाचा आकडा ठरवतो.

आपण दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागेवर असाल आणि आधी कोणी लिम्प केले (रेज न करता फक्त बिग ब्लाइंडइतक्या चिप्स घातल्या) असेल, तर दर लिम्पमागे एक बिग ब्लाइंड वाढवा. स्ट्रॅडल (पाने पाहण्याआधी स्वेच्छेने लावलेली, बिग ब्लाइंडहून मोठी रक्कम) असेल, तर पट त्याचीच मोजा. चिप्स वीस-पंचवीस बिग ब्लाइंडवर आल्या असतील, तर दुप्पट किंवा किंचित जास्त पुरते, कारण तेवढ्यानेही आपल्या चिप्सचा साधारण दहावा हिस्सा आत जातो.

आपल्या टेबलासाठी मी साडेचार पटीपासून सुरुवात करीन आणि त्या जागेवरून केलेल्या पुढच्या वीस रेजना किती जणांनी कॉल केला, हे लिहून ठेवीन. एक किंवा दोन जण येत असतील, तर आकडा तसाच ठेवा; तिघे-चौघे येतच राहिले, तर अर्ध्या बिग ब्लाइंडने वाढवा आणि एक्का-दश्शासारखी पाने त्या जागेवरून टाकून द्या.