ड्राइव्ह-थ्रूची रांग फुटपाथवर येणार असेल तर

प्रश्न : ताई, आम्ही अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसजवळच्या एका उपनगरात भाड्याने राहतो. खाली दुकानं, वर घरं, असा हा नवा भाग आहे. शेजारची बँक बंद पडली. त्या जागी एका कॉफी साखळीचं ड्राइव्ह-थ्रू, म्हणजे गाडीतून न उतरता खिडकीशी कॉफी घ्यायचं दुकान, येणार असल्याचा फलक लागलाय. त्याच कोपऱ्यावर मुलांची स्कूलबस थांबते आणि आई रोज तिथूनच चालत किराणा आणायला जाते. शेजारी म्हणतात, मिनियापोलिसमध्ये यावर बंदी आहे. आम्हाला सिटीकडून (नगरपालिकेकडून) पत्रसुद्धा आलं नाही. सह्यांचा अर्ज फिरतोय, त्याने हे थांबेल का?

उत्तर : नुसत्या सह्यांनी थांबणार नाही, हे आधीच सांगते. मी निवृत्त होईपर्यंत मिनेसोटातल्याच एका सिटीच्या नियोजन खात्यात होते आणि असे अर्ज माझ्या टेबलावर यायचे. शंभर सह्यांपेक्षा एका शेजाऱ्याने टिपून आणलेली गाड्यांची मोजणी तिथे जास्त उपयोगी पडायची. सह्या करूच नका असं नाही, पण भरवसा त्यावर ठेवू नका.

मिनियापोलिसने ऑगस्ट 2019 मध्ये नव्या ड्राइव्ह-थ्रूंना मनाई केली, हे खरं. जुन्या खिडक्या मात्र चालू राहिल्या, आणि तो नियम त्या शहराच्या हद्दीपुरताच आहे. तुमच्या उपनगराचं झोनिंग, म्हणजे कुठल्या भागात काय चालेल याचे नियम, वेगळं. म्हणून सिटीच्या वेबसाइटवर तुमच्या झोनचा वापरांचा तक्ता आजच उघडा. ड्राइव्ह-थ्रूसमोर ‘परवानगी आहे’ असं असेल, तर लेखी मानकं पाळणाऱ्या अर्जदाराला सिटी सहसा अडवू शकत नाही. मिश्र वापराच्या भागात बहुतेक वेळा तिथे ‘कंडिशनल यूज’ लिहिलेलं असतं. म्हणजे जाहीर सुनावणी होणार आणि परवानगी मिळाली तरी अटींसह मिळणार. तुमचं सगळं बळ या अटींवर लावा.

त्याआधी बँकेचा मुद्दा. बँकेलाही गाडीतून पैसे काढायची खिडकी होती का? असेल, तर ‘इथे आधीपासून मार्गिका आहेच’ असं अर्जदार म्हणेल. नव्या नियमांत न बसणारा जुना वापर मिनेसोटाच्या कायद्यानुसार चालू ठेवता येतो, पण तो एक वर्षाहून जास्त बंद राहिला तर तो हक्क संपतो. बँक नेमकी कधी बंद झाली, ते शोधून काढा. शिवाय बँकेच्या खिडकीशी दिवसभरात तुरळक गाड्या येतात आणि कॉफीवाल्याकडे सकाळी आठला रांग लागते. हे दोन वापर एकच आहेत का, हे सिटीला तपासायला लावा.

आता रांग. अर्जासोबतच्या नकाशावर मेनूच्या फलकामागे किती गाड्यांची जागा दाखवली आहे, ते बघा. एका गाडीला साधारण 20 फूट धरतात. आठ गाड्या म्हणजे 160 फूट. नवव्या गाडीचं मागचं चाक फुटपाथवर असेल, तर आईंना रस्त्यावर उतरून वळसा घालावा लागेल. मग त्याच साखळीच्या जवळच्या शाखेत जा. मंगळवार-बुधवार असा साधा कामाचा दिवस निवडा, साडेसात ते नऊ उभे राहा, दर पाच मिनिटांनी रांगेतल्या गाड्या मोजून वेळेसकट लिहा, फोटो काढा. कंपनीचा वाहतूक अहवाल सरासरीवर बोलतो आणि सरासरीत सकाळची ती पंधरा मिनिटं हरवतात. ‘आम्हाला हे नको’ एवढ्यावर परवानगी नाकारली तर ती कोर्टात टिकत नाही. शेजाऱ्यांनी स्वतः पाहिलेल्या ठोस गोष्टींना मात्र वजन असतं.

गाडीतून न उतरता घेण्याची सोय काहींना खरोखर हवी असते. मॅकडोनल्ड्सची पहिली अशी खिडकी 1975 मध्ये ॲरिझोनातल्या सिएरा व्हिस्टाला निघाली, ती जवळच्या तळावरच्या सैनिकांसाठी, कारण कामाच्या गणवेशात त्यांना बाहेर गाडीतून उतरायला मनाई होती. आज गुडघे धरलेली माणसं आणि मागच्या सीटवर बाळ झोपलेल्या आया याच खिडकीशी येतात. सुनावणीत ही बाजू मांडली जाईल आणि ती मांडलीच पाहिजे. पण त्यांची सोय दारालगतच्या दोन-तीन राखीव जागांनी आणि गाडीपर्यंत आणून देण्यानेही होते. हा पर्याय तुम्हीच सुचवा. जो भाग पायी चालणाऱ्यांसाठी म्हणून आखला, तिथे शाळेत निघालेल्या मुलांनी गाड्यांच्या फटीतून वाट काढावी, हे मला पटत नाही.

अटी नेमक्या शब्दांत मागा. खिडकीची मार्गिका इमारत आणि मुख्य रस्ता यांच्यामध्ये नको. बाहेर पडायची वाट बसथांब्याच्या बाजूला नको. रांग फुटपाथपर्यंत आली तर कर्मचाऱ्याने बाहेर येऊन गाड्या पुढे पाठवायच्या. ऑर्डर घेणाऱ्या स्पीकरचं तोंड घरांकडे नको, आणि रात्री किती वाजता बंद, तेही लिहून घ्या. वरच्या मजल्यावर झोपणाऱ्याला ‘युअर टोटल इज’ दर दोन मिनिटांनी ऐकू येणं ही किरकोळ तक्रार नाही. ही परवानगी दुकानदाराला नव्हे, जागेला चिकटते. आज कॉफी असेल, उद्या बर्गर येईल, पण अटी पाळल्या जातात तोवर परवानगी तशीच राहते. जे आज लिहून घ्याल तेच पुढच्याला लागू होईल.

पत्र न येण्यात सिटीची चूक असेलच असं नाही. सुनावणीची सूचना किमान 10 दिवस आधी 350 फुटांच्या आतल्या मालकांना जाते, भाडेकरूंना नाही. तुमच्या इमारतीच्या व्यवस्थापनाकडे ती आली असेल, मागून घ्या. बोलायला मालक असणं गरजेचं नाही. आईंना मराठीतून बोलायचं असेल तर सिटी क्लार्कला आधी कळवून दुभाष्याची सोय विचारा, नाहीतर तुम्ही शेजारी उभं राहून सांगा. त्या रोज कुठून चालतात, हे त्यांच्याच तोंडून येऊ दे.

वेळ थोडा आहे. पूर्ण अर्ज आल्यापासून 60 दिवसांत सिटीने निर्णय दिला नाही, तर मिनेसोटात तो मंजूर झाला असं धरलं जातं. लेखी कळवून सिटी आणखी 60 दिवस घेऊ शकते. म्हणून ‘निर्णय लांबणीवर टाका’ अशी मागणी नुसतीच करू नका. नियोजन खात्यात फोन करून अर्ज पूर्ण झाल्याची तारीख विचारा आणि तुमची मोजणी व अटींचा मसुदा स्टाफ रिपोर्ट (नियोजन खात्याचा शिफारशींचा अहवाल) तयार व्हायच्या आधी ईमेलने पाठवा. सुनावणीच्या रात्री सहसा तीनच मिनिटं बोलायला मिळतात. सुनावणी घेणाऱ्या प्लॅनिंग कमिशनचे सदस्य रिपोर्ट मात्र आधीच वाचून आलेले असतात.